‘यात नवीन काय आहे?’ : क्वांटम विहिरींचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अर्धवाहकांच्या वाटेला का जावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. रास्त आहे. मी त्या वाटेला जातोय ते दोन ओळींच्या एका शेऱ्यासाठी. १९७०च्या सुमाराची गोष्ट आहे. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत लिओ एसाकी आणि राफाएल त्सू हे दोघे काम करत होते. एसाकी जपानचे, त्सूंचा जन्म शांघायचा. दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकाने तो परत पाठवला. कारणं दोन दिली. एक, हे सगळं फार कल्पनेच्या भरात लिहिलंय. दोन, यात नवीन भौतिकशास्त्र काही नाही. ही हकिकत एसाकींनीच पुढे लिहून ठेवली आहे. निबंध शेवटी आयबीएमच्या स्वतःच्या नियतकालिकात १९७० साली छापून आला.

त्या निबंधातून जी वाट निघाली, त्या वाटेवरची उपकरणं आज उपग्रहात आहेत, विमानातल्या दुर्बिणीत होती, गॅसची गळती शोधणाऱ्या यंत्रात आहेत. म्हणजे परीक्षक चुकला, असं म्हणून आपण हसून पुढे जाऊ शकतो. पण मला तसं करायचं नाही. ‘यात नवीन काय आहे?’ हा प्रश्न चांगला आहे. परीक्षकाचं म्हणणं एका अर्थी खरंही होतं. ते कोणत्या अर्थी खरं होतं आणि कोणत्या अर्थी नव्हतं, हे पाहायचं असेल तर इतिहास थोडा मागून सुरू करावा लागेल.

इ. स. १८००. इंग्लंड. विल्यम हर्शेल हे नाव तुम्ही युरेनस ग्रहाच्या संदर्भात ऐकलं असेल. मूळचा जर्मन, पेशाने संगीतकार, आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ झालेला हा माणूस. सूर्याकडे वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून पाहताना त्याला जाणवलं की काही रंगांत उष्णता जास्त लागते, काहींत कमी. मग त्याने लोलकातून प्रकाश पाडला, रंगांचा पट्टा टेबलावर घेतला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तो आणखी चढला. तांबड्याच्या खालचा म्हणून त्याला आपण अवरक्त प्रकाश म्हणतो. तुमच्या-माझ्या शरीरातूनही तो आत्ता बाहेर पडतोय, आणि त्याचा जोर साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास आहे.

आता दुसऱ्या टोकाकडून या. रेडिओलहरींचं टोक. या लहरी लांब असतात, मीटरांत आणि किलोमीटरांत मोजाव्या लागतात. त्या आखूड करत नेण्याच्या कामात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे लोक आघाडीवर होते, त्यांत कोलकत्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे जगदीशचंद्र बोस होते. १८९५च्या सुमारास त्यांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले. कॉलेजात म्हणावी तशी प्रयोगशाळा नव्हती. पत्र्याचं काम करणाऱ्या, शाळा न शिकलेल्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं घडवली. या लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलिना हे खनिज वापरलं, म्हणजे लेड सल्फाइड. त्या शोधकाचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. अर्धवाहकाचा असा वापर त्याआधी फारसा कोणी केलेला नव्हता. हा पत्रेवाला कारागीर ध्यानात ठेवा. शेवटी मला त्याची गरज लागणार आहे.

तर एका बाजूने प्रकाश, दुसऱ्या बाजूने रेडिओ. मध्ये एक पट्टा उरतो, साधारण ३० मायक्रोमीटरपासून मिलिमीटरपर्यंतचा. त्याला आज टेराहर्ट्झ म्हणतात, कारण तिथे सेकंदाला लाखो कोटी आंदोलनं होतात. हा पट्टा बराच काळ ओसाड राहिला. पण गंमत अशी, की क्वांटम सिद्धान्ताचा जन्म याच ओसाड पट्ट्यात झाला.

बर्लिनमध्ये हाइन्रिश रुबेन्स आणि फेर्डिनांड कुर्लबाउम हे दोघे तापलेल्या पोकळीतून येणारे लांब तरंगलांबीचे किरण मोजत होते. मिठाच्या खड्यांवरून किरण पुन्हा पुन्हा परावर्तित केले की शेवटी ५१ मायक्रोमीटरच्या आसपासचे तेवढे उरतात. आजच्या भाषेत जवळजवळ ६ टेराहर्ट्झ. या मोजमापांत असं दिसलं की तोवर चालत आलेला वीन यांचा नियम इथे लागू पडत नाही. ७ ऑक्टोबर १९००, रविवार. रुबेन्स मॅक्स प्लांक यांच्या घरी गेले आणि त्यांनी ही बातमी सांगितली. त्याच संध्याकाळी प्लांकनी नवं सूत्र जुळवलं, १९ ऑक्टोबरला ते मांडलं, आणि १४ डिसेंबरला त्यामागचं कारण मांडलं. ऊर्जा सलग वाहत नाही, ती ठरावीक पुंजांत येते, ही कल्पना तिथून सुरू झाली. प्लांक कागदावर बसले होते, पण त्यांना हलवलं ते मिठाचे खडे घासून-पुसून मांडणाऱ्या माणसांच्या आकड्यांनी.

आता प्रश्न येतो की हा पट्टा ओसाड का राहिला? कारण सोपं आहे. तिथे चांगला दिवा नव्हता. रेडिओच्या बाजूने यावं तर विद्युतमंडलं इतकी वेगवान चालत नाहीत. प्रकाशाच्या बाजूने यावं तर अर्धवाहक लेसर हे साधन आहे, पण त्याला निसर्गाने एक अट घातली आहे.

ती अट समजून घेऊ. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेचे दोन पट्टे असतात, खालचा आणि वरचा. मध्ये फट असते. वरचा इलेक्ट्रॉन खाली पडला की फटीएवढ्या ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर येतो. म्हणजे प्रकाशाचा रंग फटीवर ठरतो आणि फट पदार्थावर. गॅलियम आर्सेनाइड घेतलं की साधारण ०.८७ मायक्रोमीटर, जवळचा अवरक्त. बाजारातून दुसरा पदार्थ आणा, दुसरा रंग मिळेल. १० मायक्रोमीटरचा प्रकाश हवा असेल तर फट फार लहान हवी. असे पदार्थ आहेत. शिशाची संयुगं आहेत, बोसांच्या गॅलिनाच्याच कुळातली, आणि त्यांचे लेसर झालेही. पण ते अतिशय थंड ठेवावे लागत आणि हाताळायला अवघड असत. टेराहर्ट्झसाठी तर फट आणखी कितीतरी लहान हवी.

म्हणजे ही व्यवस्था अशी होती: निसर्ग देईल तो पदार्थ, आणि पदार्थ देईल तो रंग. एसाकी आणि त्सूंचा निबंध या व्यवस्थेच्या मुळाशी हात घालत होता.

आता पदव्युत्तर वर्गातच नव्हे, बी.एस्सी.च्या वर्गातही शिकवलं जाणारं एक गणित आठवा. एक कण पेटीत कोंडलेला आहे. त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या काढा. श्रोडिंगरचं समीकरण १९२६चं. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतलं जातंय. उत्तर असं येतं की कणाला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही, ठरावीक पायऱ्याच घेता येतात, आणि पेटी जितकी अरुंद तितक्या पायऱ्या एकमेकींपासून लांब. बासरीसारखं समजा. बांबू तोच, फुंकर तीच. नळी आखूड केली की स्वर चढतो. पण वर्गात हे गणित सोडवताना सगळ्यांना माहीत असायचं की अशी पेटी कुठे नसते. ती समजावून सांगण्यासाठी घेतलेली सोय आहे.

एसाकींना हे गणित कागदावरचं वाटत नव्हतं, त्याला कारण होतं. १९५७ साली टोकियोत, आज जी कंपनी सोनी म्हणून ओळखली जाते तिथे काम करताना, त्यांनी जर्मेनियमच्या जोडात इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार जातात हे दाखवलं होतं. त्याला बोगदा परिणाम म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. त्या जोडाची जाडी काही नॅनोमीटरांची होती. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या मापात इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो, हे त्यांनी उपकरणात पाहिलं होतं. मग प्रश्न पडला की असे पातळ थर आपणच एकावर एक रचले तर? एका पदार्थाचा थर, दुसऱ्याचा, पुन्हा पहिल्याचा, पुन्हा दुसऱ्याचा. निसर्गाने दिलेल्या स्फटिकात अणूंची एक रांग असते, तिच्यावर माणसाने स्वतःची दुसरी रांग चढवायची. तिला त्यांनी सुपरलॅटिस म्हटलं.

यात समीकरण जुनंच होतं. परीक्षकाचा ‘नवीन काही नाही’ हा शेरा या अर्थी बरोबर होता. आणि ‘कल्पनेच्या भरात’ हा शेराही समजण्यासारखा आहे, कारण असे थर तेव्हा कुठे दाखवायला नव्हते.

ते थर कसे आले, ते आता पाहू. बेल लॅबोरेटरीत जॉन आर्थर आणि आल्फ्रेड चो यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत घडवली, मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी. नाव जड आहे, काम समजायला सोपं आहे, करायला महाकठीण. पोलादी भांड्यातली हवा इतकी काढून घ्यायची की भटका अणू सहसा सापडू नये. त्यात तापवलेल्या कुप्यांमध्ये गॅलियम, आर्सेनिक, अ‍ॅल्युमिनियम. कुपीचं झाकण उघडलं की अणूंचा झोत निघतो आणि समोरच्या स्फटिकाच्या चकतीवर जाऊन बसतो. वेग साधारण सेकंदाला अणूंचा एक थर, तासाला एक मायक्रोमीटर. झाकण बंद केलं की थर तिथेच थांबतो. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण उघडलं की भिंत उभी राहते, मिटलं की विहीर खणली जाते. गॅलियम आर्सेनाइडचा पातळ थर दोन भिंतींच्या मध्ये आला की इलेक्ट्रॉन त्यात अडकतो. ही क्वांटम विहीर. वर्गातली पेटी आता हातात धरता येत होती.

पुढचं पाऊल रशियातून आलं. १९७१ साली लेनिनग्राडच्या इऑफे संस्थेत रुडॉल्फ काझारिनोव आणि रॉबर्ट सुरिस यांनी असं मांडलं की थरांच्या अशा रचनेला विद्युतदाब दिला तर तिच्यातून अवरक्त प्रकाश वाढवता येईल. इथे इलेक्ट्रॉन मोठी फट ओलांडून खालच्या पट्ट्यात पडत नाही. तो वरच्याच पट्ट्यात राहतो आणि विहिरीच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरतो. याचा अर्थ ध्यानात घ्या. पायऱ्यांमधलं अंतर विहिरीच्या रुंदीवर ठरतं, रुंदी झाकण किती वेळ उघडं ठेवलं त्यावर ठरते. मग रंग कोणावर ठरला? झाकण उघडणाऱ्यावर. नवा पदार्थ शोधत बसायची गरज उरली नाही.

कागदावर हे १९७१ साली झालं. लेसर झाला १९९४ साली. मध्ये तेवीस वर्षं गेली. या तेवीस वर्षांत काय झालं, तोच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

आधी पायऱ्या खरोखर आहेत का, हे पाहावं लागलं. १९७४ साली बेल लॅबमध्ये रेमंड डिंगल, विल्यम विगमन आणि चार्ल्स हेन्री यांनी वेगवेगळ्या जाडीच्या विहिरी घेतल्या आणि त्यांचं प्रकाश शोषणं मोजलं. आलेखात पायऱ्या दिसल्या, आणि थर पातळ झाला तशा त्या लांब गेल्या. कल्पना हेन्रींची, मोजमाप डिंगल यांचं, आणि थर वाढवले विगमन यांनी. १९८५ साली स्टॅनफर्डमध्ये वेस्ट आणि एग्लाश यांनी एकाच पट्ट्यातल्या दोन पायऱ्यांमधली उडी थेट पाहिली. १९८७ साली बेल लॅबमधल्या बॅरी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी त्यातून अवरक्त शोधक बनवला. प्रकाशकण येतो, विहिरीतला इलेक्ट्रॉन उडी मारून बाहेर पडतो, वीज वाहते. यातली एक अडचण सांगतो. थरांवर सरळ पडणारा प्रकाश विहीर जवळजवळ शोषतच नाही, कारण त्याचं विद्युतक्षेत्र थरांच्या आडव्या दिशेत असतं आणि इलेक्ट्रॉनाची कोंडी उभ्या दिशेत. म्हणून सुरुवातीला स्फटिकाची कड ४५ अंशांत घासून प्रकाश तिरपा आत घ्यावा लागला. सिद्धान्ताने अडचण सांगितली, घासणाऱ्याने ती सोडवली.

पण दिवा अजून व्हायचा होता. तिथली अडचण मोठी होती. वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन खाली येताना प्रकाश देईलच असं नाही. स्फटिकातले अणू सतत हलत असतात. त्या हलण्याला, म्हणजे फोनॉनला, ऊर्जा देऊन इलेक्ट्रॉन सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास खाली उतरतो, आणि प्रकाश मिळत नाही. लेसरसाठी वर गर्दी हवी, खाली मोकळं हवं. इथे वर कोणी टिकतच नव्हतं.

बेल लॅबमध्ये फेदेरिको कापासो हे इटालियन शास्त्रज्ञ बरीच वर्षं या प्रश्नामागे होते. त्यांच्याकडे स्वित्झर्लंडहून जेरोम फाइस्त आले. त्यांची युक्ती अशी होती की चोराच्याच हाती किल्ली द्यायची. खालच्या पायरीच्या आणखी खाली, बरोबर एका फोनॉनच्या ऊर्जेइतक्या अंतरावर, तिसरी पायरी ठेवली. आता प्रकाश देऊन खाली आलेला इलेक्ट्रॉन फोनॉनला ऊर्जा देत झटकन तिसरीवर घसरतो आणि जागा मोकळी होते. जो फोनॉन काम बिघडवत होता, त्यालाच झाडलोटीला लावलं. मग तो इलेक्ट्रॉन पुढच्या टप्प्यावर जातो, पुन्हा प्रकाश देतो, पुन्हा पुढे. घाटातलं पाणी कड्यावरून कड्यावर उड्या घेत उतरतं तसं. पहिल्या लेसरमध्ये असे २५ टप्पे होते. एप्रिल १९९४ मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला. लेखक सहा: फाइस्त, कापासो, डेबोरा सिव्हको, सिर्तोरी, हचिन्सन आणि चो. प्रकाश ४.२ मायक्रोमीटरचा, तोही अतिशीत तापमानाला आणि स्पंदांत. या लेसरला क्वांटम कॅस्केड लेसर म्हणतात. त्यातले थर अणूंच्या मापाने वाढवण्याचं काम सिव्हको यांचं होतं.

आता १९७१चा आराखडा आणि १९९४चं उपकरण शेजारी ठेवा. कल्पना तीच, पण रचना तीच नाही. रशियन आराखड्यात सगळे टप्पे सारखे होते. तशा रचनेत विद्युतदाब सगळीकडे समान राहत नाही, तुकड्या-तुकड्यांत वाटला जातो आणि पायऱ्या जुळत नाहीत. बेल लॅबच्या मंडळींनी दोन टप्प्यांच्या मध्ये आणखी एक भाग घातला. इलेक्ट्रॉन गोळा करून ठरावीक पायरीवर नेमका सोडणारा, आणि विद्युतभार सांभाळणारा. हे समीकरणांतून आपोआप बाहेर पडलं नव्हतं. थर वाढवा, मोजा, फसलं तर का फसलं ते शोधा, पुन्हा वाढवा, अशा येरझाऱ्यांतून ते आलं. करताना जे कळलं, ते कागदाला आधी ठाऊक नव्हतं.

पुढची वाट थोडक्यात सांगतो. २००२ साली नशातेल विद्यापीठात बेक, फाइस्त आणि सहकाऱ्यांनी ९.१ मायक्रोमीटरचा लेसर खोलीच्या तापमानाला सलग चालवून दाखवला. त्याच वर्षी मे महिन्यात पिसा, केंब्रिज आणि तोरिनो इथल्या गटांनी मिळून पहिला टेराहर्ट्झ क्वांटम कॅस्केड लेसर जाहीर केला, ४.४ टेराहर्ट्झचा. ज्या पट्ट्यातल्या मोजमापांनी प्लांकना पुंजाकडे ढकललं होतं, त्याच पट्ट्यात एकशे दोन वर्षांनी पुंजाच्या नियमाने घडवलेला दिवा लागला.

मात्र तो शून्याखाली सव्वादोनशे अंशांच्या जवळपास थंड ठेवावा लागत होता. का? आकडे बघा. १ टेराहर्ट्झच्या प्रकाशकणाची ऊर्जा साधारण ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. या सभागृहातल्या उष्णतेची धडपड, त्याच मापात, साधारण २६. म्हणजे आपण जी पायरी घडवतोय ती आजूबाजूच्या धक्काबुक्कीपेक्षा कितीतरी लहान आहे. उष्णतेने इलेक्ट्रॉन थोडा वर उडाला की फोनॉनची वाट त्याला पुन्हा सापडते, नाहीतर तो भिंतीवरूनच निसटतो. गेली वीसेक वर्षं जगभरचे गट या एका गोष्टीशी झगडतायत. २०२० साली एमआयटी आणि वॉटर्लू इथल्या गटाने भिंती उंच करून, थर आणखी पातळ करून २५० केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २३ अंश सेल्सियसपर्यंत, मजल मारली. छोट्या विजेच्या शीतकावर भागेल इतकं हे तापमान आहे. इथे पन्नास वर्षांत नवा मूलभूत नियम लागलेला नाही. विहीर खणण्याचं कसब मात्र इंचाइंचाने वाढलंय.

या सगळ्याचा उपयोग काय, हेही सांगायला हवं. अंधारात पाहण्याची गरज सर्वांत आधी सैन्यांना वाटली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लेड सल्फाइडचे शोधक बनवले ते त्यासाठीच, आणि संरक्षणाचा पैसा या क्षेत्रात आजही आहे. पण दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट ८ या उपग्रहात जमिनीची उष्णता मोजणारा कॅमेरा क्वांटम विहिरींचा आहे. पाणी मिळालेलं पीक पानांतून बाष्प सोडतं, म्हणून ते थंड राहतं. तहानलेलं पीक तापतं. उष्णतेच्या चित्रावरून कोणत्या शेताने किती पाणी वापरलं याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांतल्या पाणी-व्यवस्थापकांना हीच माहिती हवी होती, आणि आधी वगळलेला हा कॅमेरा त्यांच्या आग्रहामुळे उपग्रहात आला. तो उपग्रह दर सोळा दिवसांनी आपल्या मराठवाड्यावरूनही जातो.

दुसरं उदाहरण. सोफिया नावाची दुर्बीण बोइंग ७४७ विमानात बसवलेली होती. तिच्यातल्या ४.७ टेराहर्ट्झच्या ग्राहकात संदर्भाचा सूर लावायला क्वांटम कॅस्केड लेसर होता. तंबोरा जुळलेला असला की गाणाऱ्याचा स्वर किती हलला ते कळतं, तसंच हे. त्या सुराच्या आधाराने शुक्राच्या वातावरणातला सुटा ऑक्सिजन, दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही बाजूंना, थेट टिपला गेला. तो निबंध २०२३ साली आला. आणि आपल्याकडे पवईला आयआयटी मुंबईत, विहिरीच्या पुढची पायरी म्हणजे इलेक्ट्रॉनाला तिन्ही दिशांनी कोंडणारे क्वांटम ठिपके, त्यांच्यापासून अवरक्त शोधक बनवण्यावर काम झालेलं आहे.

आता परत त्या परीक्षकाकडे येऊ. ‘नवीन’ या शब्दाचे इथे निदान तीन अर्थ आहेत. नवा नियम, नवी घटना, नवी वस्तू. परीक्षकाच्या मनात पहिला अर्थ होता आणि त्या अर्थाने तो बरोबर होता. त्याने गृहीत धरलं की नियम कळला म्हणजे जाणायचं ते जाणून झालं, उरलं ते नुसतं करणं. हे गृहीत फार जुनं आहे. अ‍ॅरिस्टॉटलने शास्त्रज्ञान वेगळं काढलं आणि घडवण्याचं कसब वेगळं काढलं. आपल्याकडे ही विभागणी नुसती ग्रंथात राहिली नाही, ती जातींत उतरली. जो सांगतो तो वर, जो घडवतो तो खाली.

याच्या उलट म्हणणारा एक तत्त्वज्ञ नेपल्समध्ये होऊन गेला, जांबात्तिस्ता विको. १७१० साली त्याने असं मांडलं की माणसाला पक्कं तेच कळतं जे त्याने स्वतः केलेलं असतं. निसर्ग आपण केलेला नाही, म्हणून त्याचं आपलं ज्ञान कायम बाहेरून पाहणाऱ्याचं. विकोने क्वांटम विहिरी पाहिल्या असत्या तर त्याला आपलं म्हणणं इथे तपासून पाहता आलं असतं. कारण विहिरीत नियम निसर्गाचा आहे, आणि वस्तू पूर्णपणे आपली आहे. आणि नेमकं तिथे काय दिसलं? की वस्तू घडवताना नियमाविषयीचं आपलं आकलनही बदललं. पेटीतल्या कणाचं गणित शंभर वेळा सोडवलेल्यालाही, पायरी फोनॉनइतक्या अंतरावर ठेवली की काय होतं, हे कोणी करून पाहीपर्यंत माहीत नव्हतं.

इथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास येतो. वैशेषिकांनी परिमाणाला, म्हणजे मापाला, रूप-रसांच्या बरोबरीने गुणांत गणलं आहे. मापावर रंग ठरतो हे ऐकून त्याची आठवण होणं साहजिक आहे, मलाही होते. पण कणादांना क्वांटम विहीर ठाऊक होती असं त्यातून निघत नाही. गुणांची यादी करणं मोठं बौद्धिक काम होतं. सेकंदाला एक थर वाढवणं हे दुसरं काम आहे, आणि ते ज्यांनी केलं त्यांचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये.

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर एक उदाहरण. १९८२ साली अशाच थरांतल्या इलेक्ट्रॉनांत एक विलक्षण घटना सापडली, अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम. निबंधावर नावं तीन: त्सुई, स्ट्योर्मर आणि गोसार्ड. आर्थर गोसार्ड यांच्या वाट्याला थर वाढवण्याचं काम होतं. १९९८चं नोबेल त्सुई, स्ट्योर्मर आणि सिद्धान्त मांडणारे लाफलिन यांना मिळालं. नोबेल तिघांनाच देता येतं आणि लाफलिन यांचं काम थोरच होतं, त्याबद्दल वाद नाही. आणि घडवणाऱ्यांना मान मिळतच नाही असंही नाही. चो यांना १९९३ साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. तरी चौघांतून तीन निवडायची वेळ आली तेव्हा कोण बाहेर राहिलं, ते पाहा.

मला काळजी आहे ती आपल्या वर्गांची. आपल्याकडे प्रात्यक्षिकाची वही एकमेकांची पाहून उतरवली जाते, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. प्रयोग ‘यायला हवा तसा’ आला असं लिहायचं, गुण घ्यायचे आणि खऱ्या अभ्यासाकडे, म्हणजे पुस्तकाकडे, वळायचं. प्रयोगशाळेतल्या सहायकाला जे ठाऊक असतं ते तो निवृत्त होताना घेऊन जातो, कारण ते ज्ञान आहे असं आपण मानतच नाही. मग अवरक्त कॅमेऱ्याचा शोधक बाहेरून विकत आणावा लागतो आणि आपण म्हणतो, तत्त्व तर आपल्या मुलांनाही माहीत आहे. तत्त्व १९२६ पासून सगळ्यांनाच माहीत होतं. लेनिनग्राडच्या दोघांना तर लेसरसुद्धा १९७१ साली दिसला होता. त्यापुढची तेवीस वर्षं ज्या हातांनी भरून काढली, ते हात तयार करायला एक पिढी लागते, आणि त्यांना पगार व मान दोन्ही द्यावे लागतात.

बोसांचा पत्रेवाला कारागीर शाळा शिकलेला नव्हता. पण ५ मिलिमीटरच्या लहरीला नळी किती रुंद हवी, कड किती सरळ हवी, हे त्याच्या हातांना शिकावं लागलं असणार. कोलकत्यात १८९५ साली ते ज्ञान दोघांकडे होतं, प्राध्यापकाकडे आणि कारागिराकडे, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं अडलं असतं. परीक्षकाने ‘यात नवीन काय आहे?’ असं विचारलं तेव्हा त्याच्यासमोर कागद होता. कागदावर नवीन काही नव्हतंच. नवीन होतं ते अजून घडायचं होतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.